मेणाची भजी आणि तुझं रुखवत

नागोया,
12 ऑक्टोबर

तीर्थस्वरूप आत्यास,


परवा फोनवर मी मेणाची भजी केल्याचं सांगितलं आणि तू लगेच विचारलंस, ‘पैशे देऊन खोटं जेवन काहून बनवतेत वं लोकं?’ तेवढ्यात तुझ्याकडे कोणी तरी आलं आणि उत्तर राहून गेलं. फोनवर ते नीट देता आलंही नसतं, म्हणून सविस्तर लिहिते आहे. लिहिण्याचं आणखी एक कारण आहे, ते पुढे येईलच.

इथल्या कुठल्याही मोठ्या स्टेशनाच्या आवारात खाणावळींची रांग असते आणि बऱ्याच खाणावळींच्या दारात काचेचं कपाट. आत जे जे मिळतं ते सगळं त्यात मांडलेलं. नूडल्सचा वाडगा, त्यावर अर्धं कापलेलं अंडं, तळलेल्या कटलेटशेजारी कोबीचा बारीक कीस, आइस्क्रीमवर चेरी. सगळं खोटं, घडवलेलं, तरी कोबीची कड कुठे पांढरी, कुठे पोपटी, तीसुद्धा तंतोतंत. नवीन आले तेव्हा मला इथलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. त्या दिवसांत या कपाटांनीच मला जेवू घातलं. वाढणाऱ्या मुलीला बाहेर बोलवायचं, काचेवर बोट ठेवायचं, आत जाऊन बसायचं. किंमत खाली लिहिलेली, वाडगा केवढा ते समोर दिसतंय, आणि पानात येतं ते तसंच. एक गोष्ट मात्र शाकाहारी माणसाला तोंडाने विचारूनच घ्यावी लागते, ती म्हणजे रस्सा कशाचा आहे. नुसत्या भाज्या तरंगताना दिसतात, पण त्या पाण्यात बहुतेक वेळा सुक्या माशाचा अर्क उतरवलेला असतो.

ही कला लोकांच्या अडचणीतून वाढली. तोक्योत 1923 साली मोठा भूकंप झाला. शहर पुन्हा उभं राहत असताना शिरोकिया नावाच्या मोठ्या दुकानाने आपल्या भोजनगृहाच्या दारात पदार्थांचे नमुने मांडले. लोकांनी बघायचं, कुपन घ्यायचं आणि मग आत शिरायचं. ऑम्लेट, कटलेट, करी हे पदार्थ त्या काळी पुष्कळ घरांना नवे होते. गावाकडून आलेल्या माणसाला नाव वाचून काय कळणार? डोळ्यांनी बघितलं की तो न बुजता आत जाई.

या कामाचा मोठा धंदा उभा केला तो ताकिझो इवासाकी यांनी. जन्म 1895 चा, गाव गुजो-हाचिमान. मेणबत्तीचं मेण पाण्यात पडून त्याची फुलं होतात हे त्यांनी लहानपणी पाहिलं होतं आणि ते त्यांच्या मनातून गेलं नाही, असं सांगतात. पुढे ओसाकात बायकोने केलेल्या ऑम्लेटचा साचा काढून त्यांनी मेणाचं ऑम्लेट घडवलं आणि 1932 मध्ये तिथेच कारखाना सुरू केला. नमुने ते हॉटेलवाल्यांना महिन्याच्या भाड्याने देत. त्या पहिल्या ऑम्लेटच्या मुळाशी एका बाईचा तवा होता, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तुलाही वाटेल.

गुजो-हाचिमान नागोयाहून बसने दीडेक तासावर आहे. डोंगरातलं लहान गाव, नदी मधून वाहते. तुझ्यासारख्या खारपाणपट्ट्यात जन्म काढलेल्या बाईने ते एकदा बघायला हवं. बोअरच्या पाण्यात तुझी तूरडाळ शिजत नाही, आणि इथे घरादारांतून झऱ्याचं पाणी खेळवलंय. एकाखाली एक दगडी कुंड्या असतात. वरच्या कुंडीतलं पाणी प्यायचं, खालच्या कुंडीत भाजी धुवायची, त्याखालच्या कुंडीत भांडी विसळायची, आणि भांड्यांतली शितं पुढे तळ्यातल्या माशांना. सोगी नावाच्या जुन्या कवीच्या नावाचा एक झरा आहे. 1985 मध्ये सरकारने देशातल्या नामवंत पाण्यांची यादी केली, तीत त्याचं नाव आहे. त्याच गावात आज हे खोटे पदार्थ करायला शिकवणारे कारखाने आहेत आणि लांबलांबून लोक, लेकरंबाळं घेऊन, एप्रन बांधून तिथे उभे राहतात.

आता प्रत्यक्ष काम सांगते. प्रत्येकाच्या पुढ्यात एक मोठी टाकी, तीत 40 अंशांच्या आसपासचं कोमट पाणी. शेजारी रंगीत मेण पातळ करून ठेवलेलं. आधी टेम्पुरा, म्हणजे आपली भजीच म्हण. आतली कोळंबी किंवा भाजीची फोड त्यांनी आधीच तयार करून ठेवलेली असते. मी भोपळ्याची फोड घेतली. पिवळसर मेण कपात घ्यायचं आणि हात उंच धरून पाण्यावर थेंब थेंब सोडायचं. उंचीवरून पडल्यामुळे थेंब फुटतो आणि पाण्यावर खरखरीत जाळी पसरते. हात खाली आला की जाळीऐवजी सपाट चकती होते, म्हणून शिकवणाऱ्या बाई सारखा कोपर वर उचलायला सांगत होत्या. जाळी पुरेशी झाली की फोड तिच्यावर ठेवायची, दोन्ही बाजूंनी मेण तिच्या अंगावर ओढून घ्यायचं आणि हलकंसं दाबायचं. मग गार पाण्यात. बाहेर काढल्यावर पिठाची जी कुरकुरीत कड तेलात फुलते, ती अगदी तशीच उभी राहिलेली असते. तेल नाही, पीठ नाही, नुसता मेणाचा आणि पाण्याचा स्वभाव.

मग लेट्यूसचा गड्डा. हा मला जास्त भावला. पाण्यावर पांढऱ्या मेणाचा पट्टा ओतायचा, त्याला लागून हिरवा. दोन्ही रंग जिथे मिळतात तिथे आपोआप फिका पोपटी होतो. आता हिरव्या बाजूची कड दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची आणि पाण्यात खाली, स्वतःकडे ओढत न्यायची. आत्या, हा क्षण सांगून कळत नाही. मेण घट्ट व्हायच्या आत ओढावं लागतं, पण घाई केली की फाटतं. ते पाण्याखाली ताणलं जातं, पातळ होत जातं, त्याला सुरकुत्या पडतात, शिरा उमटतात, आणि बघता बघता हातात पान असतं. पांढऱ्या देठाकडून ते गुंडाळत आणायचं. गड्डा थंड झाला की बाई गरम सुरीने तो मधोमध कापतात आणि आत पदर न पदर दिसतो. माझ्या शेजारी एक आजोबा नातीबरोबर आले होते. त्यांचा गड्डा कापला तेव्हा त्या दोघांनी मिळून जो आवाज काढला, त्यावरून मला लोक पैसे देऊन का येतात ते समजलं. रोज जे पान आपण न बघता तोडून टाकतो, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिलं होतं.

ही भजी मी तुला पाठवत नाही. मेण उन्हाला टिकत नाही आणि आपल्याकडच्या मे महिन्यात तुझ्या नांदुऱ्यात त्याचा गोळा होईल. इथेही काचेत ऊन येऊन नमुने वाकायचे, रंग उडायचा. म्हणून विक्रीचं काम आता बहुतेक विनाइलमध्ये होतं. हॉटेलवाला खरा पदार्थ आणून देतो, कारागीर त्याच्या एकेका भागाचा सिलिकॉनचा साचा घेतात, त्यात विनाइल ओतून भट्टीत घट्ट करतात, आणि मग रंग. माशाच्या कातडीवरची करपट छटा, भाजीच्या तुकड्याची ओल, हे सगळं हाताने चढवतात. मेण राहिलं ते शिकवण्यापुरतं, कारण पाहुण्याला तासाभरात हातात काही तरी द्यायला तेच सोपं.

आता मला तुझ्याबद्दल बोलायचं आहे. त्या टाकीपुढे उभी असताना मला सारखं तुझं रुखवत आठवत होतं. तांदळाची तुळस, सुपारीचे भटजी, लवंग-वेलदोड्याची वेणी, खोबऱ्याच्या वाट्यांचं कासव. इथले लोक मेणातून अन्न घडवतात, तू अन्नातून बाकी सगळं जग घडवतेस. संक्रांतीला नव्या नवरीसाठी हलव्याचे दागिने करतेस, तेव्हा मंद आचेवरच्या परातीत खसखशीवर पाक थेंब थेंब सोडतेस आणि बोटांच्या टोकांनी ती हलवत राहतेस. आच वाढली तर पाक पिवळा पडतो, हात थांबला तर दाणे चिकटतात. हलव्याला काटा कधी येणार ते तुझ्या बोटांना आधी कळतं. ते ज्ञान आणि त्या बाईंचं ‘कोपर वर’ एकाच जातीचं आहे.

आणि गव्हले! भिजवलेल्या रव्याची चिमूट अंगठा आणि बोटात फिरवून तू गव्हाचा दाणा करतेस, दोन्ही टोकांना निमुळता. गव्हापासून पुन्हा गहूच, पण हाताने घडवलेला. नखुले, बोटवे, मालत्या यांचंही तेच. जपानी कारागिराने तुझे डबाभर गव्हले बघितले तर तो तासभर मान वर करणार नाही, हे मी पैजेवर सांगते. आपण मात्र त्याची खीर करतो, वाटीभर खातो, आणि ‘हल्ली पाकिटात मिळतात’ म्हणून मोकळे होतो.

महालक्ष्म्यांपुढे तू मांडतेस ती सावंतवाडीची लाकडी फळं काढून बघ. चितार आळीत पांगाऱ्याच्या हलक्या लाकडातून कोरलेली आणि रंगवलेली ती फळं भरलेल्या ताटातली वाटतात. त्या गावच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, तर जवळपास संपल्याच होत्या. पन्नासेक वर्षांपूर्वी संस्थानचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी, पुंडलिक चितारी या म्हाताऱ्या कारागिराशेजारी बसून ती विद्या शिकले, राजवाड्यात इतरांना शिकवायला जागा करून दिली, म्हणून ती आज आहे. त्या वेळी कोणी शेजारी बसलं नसतं तर आज ते पत्ते फक्त संग्रहालयात असते.

तुझ्याशेजारी कोण बसतं, आत्या? लग्नाच्या आधी बायका येतात, तयार वस्तू घेऊन जातात. आता तर रुखवत भाड्यानेही मिळतं. तुझी कला लोकांनी बघितली आहे, शिकली नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. डिसेंबरात मी येते आहे आणि संक्रांत करूनच परतणार. तेवढ्या दिवसांत आपण बाहेरच्या खोलीत एक तासाचा वर्ग सुरू करून बघू. गुजोत मी एक गोष्ट नीट लक्षात ठेवून आले आहे. ते सगळं शिकवत नाहीत. दोनच पदार्थ निवडतात, अवघड भाग आधीच करून ठेवतात आणि जिथे हाताला खरी गंमत आहे तेवढाच भाग पाहुण्याला देतात. आपणही तसंच करायचं. हलव्याचे दागिने एका तासात होणार नाहीत, त्यामुळे हलवा तू आधी करून ठेव आणि येणाऱ्याने फक्त बांगडी गुंफायची. गव्हले मात्र प्रत्येकाने स्वतः वळायचे, वाळवायला वेळ लागतो म्हणून ते तुझ्याकडेच सुकत राहतील आणि त्याला तुझ्या आधीच्या घाण्यातली पुडी द्यायची. लोक कुठून येणार, असं तू विचारशील. शेगावच्या गाड्या हायवेवर आपल्या मोठ्या मारुतीपाशी थांबतातच. 105 फुटांची मूर्ती बघायला उतरलेल्या माणसाला घरी न्यायला एक पाटी आणि एक नंबर पुरे. आणि ते नाही आले तरी गल्लीतल्या मुली आहेत, त्यांच्यापासून सुरुवात.

पैसे घ्यायचे. याबद्दल तू आतापासून नाही म्हणशील, म्हणून आधीच सांगते. फुकट दिलेली गोष्ट लोक बघून जातात, फी भरून आलेला माणूस शिकून जातो.

काकांना नमस्कार सांग. रवा गिरणीवालाच बारीक करून देतो का ते मला कळव, आणि जुनी हलव्याची परात माळ्यावरून काढून कल्हई करायला टाक. ही दोन्ही कामं मी यायच्या आत होऊ देत.

तुझी लाडकी,
भाची