मोबाईलमधलं अ‍ॅप आणि बाजूला बसलेलं माणूस



आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पालकसभेत मोबाईलचा विषय निघाला की एकच वाक्य ऐकू येते, "मोबाईलनंच बिघडले जी पोट्टे." त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याच मोबाईलमध्ये आता उदास मुलांना मदत करणारी अ‍ॅपही आली आहेत. एखाद्या प्रशिक्षणात त्यांची नावं सांगितली जातात, आपण ती विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकतो, आणि पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही.

2015-16च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयोगटातल्या 7.3 टक्के मुलांमध्ये कोणता ना कोणता मानसिक आजार आढळला होता. साठ मुलांच्या वर्गात हिशेब केला तर चार मुलं. सगळ्यांना नैराश्यच असेल असं नाही, पण ती चार मुलं आपल्यासमोर रोज बसतात.

आणि आपल्याकडे 'मला नैराश्य आलंय' असं कोणी म्हणत नाही. "डोस्कं दुखते", "करमत नाही", "जेवण जात नाही" एवढंच. मुलगा असला तर तेही नाही, तो नुसता भांडतो. घरचे म्हणतात बाहेरचं लागलं, मग पुजाऱ्याला बोलावतात. पुजाऱ्याने आजार बरा होत नाही, हे खरं. पण तो येऊन बसतो, काय होते म्हणून विचारतो. आपण शाळेत तेवढं तरी करतो का, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो. दोन आठवडे उलटले तरी मूल गप्प असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, आवडत्या खेळाकडंही फिरकत नसेल, तर तो आळस किंवा वयाचा नखरा समजू नये.

आमच्या नववीतल्या एका मुलीचं असंच झालं होतं. कोणी तरी सांगितलं म्हणून तिने एक अ‍ॅप घेतलं. रोज रात्री ते विचारायचं, आज तुला कसं वाटतंय? खाली पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. एक दिवस मी सहज विचारलं, "कोणता दाबतेस गं?" म्हणाली, "हसराच जी, मॅडम. फोन दादाचा आहे ना. तो पाहते."

महिनाभर ती हसरा चेहरा दाबत होती आणि अ‍ॅप तिला शाबासकी देत होतं.

यात अ‍ॅपचा दोष किती आणि भावाचा किती, हा वाद मला घालायचा नाही. ही अ‍ॅप बनवणाऱ्याने मनात धरलेलं मूल वेगळं असते. त्याचा स्वतःचा फोन असतो, स्वतःची खोली असते, दाराला कडी असते. वैनगंगेच्या अल्याड-पल्याड एका घरात एक फोन, तोही बापाच्या नाहीतर भावाच्या खिशात. भामरागड-एटापल्लीकडं तर रेंजसाठी जागा शोधत फिरावं लागते. बहुतेक अ‍ॅप इंग्रजी-हिंदीत. घरात गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या मुलाला तर मराठीतला प्रश्नही पुस्तकातलाच वाटणार.

मग अ‍ॅप निकामी आहेत का? तसंही नाही. गोव्यातल्या 'संगाथ' या संस्थेने 'पॉड अ‍ॅडव्हेंचर्स' नावाचा मोबाईलवरचा खेळ तयार केला आणि 2019च्या सुमारास तो गोव्यातल्या शाळांत वापरून पाहिला. उदासी, चिंता, राग यांनी त्रासलेल्या किशोरवयीन मुलांसाठी तो होता. आधी गोष्टीतल्या पात्रांची अडचण सोडवायची, मग स्वतःची अडचण मांडायची, पर्याय शोधायचे, त्यातला एक करून पाहायचा. मला त्यातली व्यवस्था जास्त महत्त्वाची वाटते. फोन शाळेतच दिला जायचा, खेळ इंटरनेटशिवाय चालायचा, आणि सोबतीला समुपदेशक असायचा. तो समुपदेशकही मोठा डॉक्टर नव्हे, तर या कामापुरतं प्रशिक्षण घेतलेला माणूस. म्हणजे मुलाच्या हाती फोन देऊन त्याला एकटं सोडलेलं नव्हतं.

आपल्याकडे यातलं काय जमेल? शासनाची 'टेली मानस' सेवा ऑक्टोबर 2022पासून सुरू आहे. नंबर 14416. मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. 2024मध्ये तिचं अ‍ॅपही आलं, पण मला नंबरच जास्त कामाचा वाटतो. बटणाच्या साध्या फोनवरून लागतो, आणि फोनमध्ये असं काही उरत नाही जे दादा उघडून वाचेल. नंबर लावलेला दिसतो तेवढा. तोही शाळेच्या फोनवरून लावला तर दिसत नाही.

आम्ही आता तेच करतो. शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेच्या खोलीत, मूल तयार असेल तरच. फोन लावून द्यायचा आणि बोलणं कानावर पडणार नाही इतक्या दूर, पण मुलाला दिसेल असं व्हरांड्यात बसायचं. नंतर खोदून विचारायचं नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिते. मूल मरणाबद्दल बोललं, 'मी नसलो तर बरं' असं म्हणालं, तर तिथं अ‍ॅपचं काम नाही. त्याला एकटं सोडू नये, सरळ विचारावं, घरच्यांना बोलावून त्याच दिवशी दवाखान्यात न्यावं. विचारल्याने मुलाच्या डोक्यात तसं भरते, ही समजूत चुकीची आहे. घरात धानावर फवारायचं औषध असेल तर ते मुलाच्या हाती लागणार नाही असं, घराबाहेर कुलपात ठेवायला सांगावं.

त्या मुलीचं म्हणाल तर जिल्ह्याच्या दवाखान्यात तिचे उपचार सुरू आहेत. रोवणीच्या दिवसांत दोन खेपा चुकल्या, आता परत जातात. मागच्या आठवड्यात तिचे बाबा शाळेत आले. टोपी हातात धरून बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "मॅडम, त्या फोनवर आम्ही बोललो तर चालते का जी?"

चालते. पालकांसाठीही नंबर तोच आहे, 14416.