राक्षसभुवनचा दक्षिण काठ

विठ्ठल सुंदर यांच्यावर कादंबरी लिहायला घेतली तेव्हा मित्र म्हणाले, हरलेल्या माणसावर कशाला? राक्षसभुवन म्हटलं की मराठी वाचकाला आठवतात ते अठरा वर्षांचे माधवराव पेशवे. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने त्यांना घराघरांत पोचवलं. निजामअलीचा हा दिवाण, ‘राजा प्रतापवंत’ किताबाचा धनी, मारला जाण्यापुरताच इतिहासात डोकावतो. मला त्याचा शेवटचा दिवस हवा होता. पुण्याच्या दफ्तरांतले कागद तर जिंकणाऱ्यांचे. म्हणून वह्या मिटल्या आणि गेवराईची वाट धरली.

श्रावण मुद्दाम निवडला होता, कारण लढाई १० ऑगस्ट १७६३ची. त्या वर्षी नुकतीच अमावास्या होऊन गेली होती. म्हणजे आदल्या रात्री छावणीला चंद्राचा आधार नव्हता, वर नदी फुगलेली. निजामअली बराचसा सरंजाम घेऊन गोदावरीपलीकडे गेला होता. मागची फौज घेऊन दिवाण दक्षिण काठावर राहिले होते. निजामानं त्याच वर्षी पुणं जाळलेलं. तो राग घेऊन पेशव्यांची फौज पाठीवर येत होती. कागदावर हे तीन ओळींत संपतं.

गेवराई सोडली की कापूस आणि ऊस. रस्त्यावरून शेतात उतरलो आणि पहिल्याच पावलाला चप्पल चिखलात अडकली. पाय वर आला, चप्पल आली नाही. ही काळी माती पावसाळ्यात माणसालाच सोडत नाही, तर तोफेच्या गाड्याला काय सोडणार? कागदांतलं ‘नदी उतरून गेले’ हे वाक्य मी शंभरदा वाचलं असेल. त्यामागे किती बैलजोड्या, किती शिव्या आणि किती तास असतील, हे त्या बांधावर उभा राहिलो तेव्हा अंगावर आलं.

राक्षसभुवनला लोक येतात ते शनिमहाराजांच्या दर्शनाला. घाटावर नारळ, तेल, रुईच्या पानांच्या माळा. लढाईचं विचारलं की माणसं हात लांब करून शिवाराकडे दाखवतात आणि लगेच उसाच्या भावावर येतात. त्यात वावगं काही नाही. पण नदीचं विचारलं की प्रत्येकाला सांगायचं असतं.

अडचण एवढीच की ही ती नदी राहिलेली नाही. वर पैठणला जायकवाडीचं धरण आहे, त्याला सत्तावीस दरवाजे. आता गोदावरी पावसाआधी दरवाज्यांचं ऐकते. पाणी सोडलं की जवळच्या पांचाळेश्वरच्या आत्मतीर्थ मंदिराला वेढा पडतो. नाही सोडलं तर ऐन श्रावणातही वाळू उघडी. तेव्हा १७६३चा पूर डोळ्यांनी दिसण्याची आशा सोडली आणि धरणाआधीचा पूर पाहिलेलं माणूस शोधू लागलो.

घाटाजवळ एक बाबा भेटले. मी विचारलं, पाणी चढतंय हे कळायचं कसं?

“दिसत नाय सर ते,” बाबा म्हणाले. “पान्याकडं बघत बसलं तर डोळं फिरत्यात. आमचा म्हातारा काठावर काडी रोवायचा. बिडी वढून होस्तवर काडी बुडाली, तर गुरं सोडायची. कोरडी राहिली, तर निजायचं.”

मग त्यांनी खाली वाकून तुराटीचा तुकडा पाण्याच्या कडेला चिखलात रोवून दाखवला. पाण्याची रेघ त्याला शिवून मागे जात होती, पुन्हा शिवत होती. दहाएक मिनिटं आम्ही दोघंही त्याच्याकडेच बघत होतो. उताराला लागावं की थांबावं, हा दिवाणांपुढचा सगळा पेच त्या वीतभर काडीत होता. पाठीशी माधवराव, पुढ्यात पाणी, आणि धनी पैलतीरावर, हाकेच्या अंतरावर असूनही मदतीला न येऊ शकणारा.

लढाईचं प्रकरण परत आल्यावर नव्यानं लिहिलं. त्यात एक पाणक्या रात्रभर काड्या रोवत फिरतो आणि दिवाण दर घटकेला त्याला बोलावणं धाडतात. राघोबादादा घेरले जातात, माधवराव ताज्या फौजेनिशी धावून येतात, हे सगळं येतं. पण दक्षिण काठावरून जेवढं दिसेल तेवढंच. पुढे तह झाला, ८२ लाखांचा मुलूख पेशव्यांकडे आला. त्यावर शेवटचं प्रकरण असावं असा प्रकाशकांचा आग्रह आहे. मी नाही म्हटलंय. विठ्ठल सुंदरांना ते कळायचं नव्हतं, म्हणून माझ्या वाचकालाही कळणार नाही.