आणखी दोन डोळे

घर पाहावे बांधून असे आपले वाडवडील सांगून गेले. त्यांचे बरे होते. एकदा घर बांधले, वास्तुशांत केली, की ते संपत असे. आमचे घर बांधून तीस वर्षे झाली, तरी त्याला काही ना काही अजून लागतच असते. चार वर्षांपूर्वी त्याला डोळे लागले. एक कॅमेरा फाटकावर, दुसरा गच्चीच्या जिन्यावर. एवढ्यावर मी संतुष्ट होतो. पण यंदा गणपती गेले आणि आठच दिवसांत मागच्या गल्लीत घरफोडी झाली. त्या संध्याकाळी सौभाग्यवतीने चहाचा कप पुढे ठेवीत जाहीर केले, "दोन पुरत नाहीत."

तुम्हालाही अनुभव असेल, कॅमेरा ही वस्तू दिवाळीच्या चकलीसारखी आहे. पहिली खाल्ल्यावर दुसरीकडे हात आपोआप जातो. फाटक दिसू लागले की परसदार दिसत नाही हे प्रथमच जाणवते. तोवर तीस वर्षे ते दिसत नव्हते, आणि कोणाचे काही अडले नव्हते!

कॅमेरे बसवणारा पोरगा आला. टीव्हीखालच्या खोक्याच्या पाठीमागे डोकावून म्हणाला, "काका, चारचा डीव्हीआर आहे, दोन जागा मोकळ्या आहेत. तासाभराचं काम!" अशा तासांचे गणित मी घराच्या रंगकामापासून ओळखून आहे. आमचे कॅमेरे जुन्या पद्धतीचे, म्हणजे प्रत्येकाची स्वतंत्र तार खोक्यापर्यंत आणावी लागते. परसदारापासून ती आणायची तर स्वयंपाकघरावरून आणि देवघराला वळसा घालून. शिवाय वीज बारा व्होल्टची. बारीक तारेतून ती लांबवर नेली तर वाटेतच थोडी खर्ची पडते. असा कॅमेरा दिवसा झकास चालतो, आणि रात्री अंधारात पाहण्यासाठी त्याचे अवरक्त दिवे लागले, विजेची ओढ वाढली, की नेमका तेव्हाच मान टाकतो. चोराला यापेक्षा सोयीचा पहारेकरी कोठून मिळणार? म्हणून जाड तार आणवली. उरली कोळ्यांची गोष्ट. त्या दिव्यांपाशी किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि भिंगासमोर विणलेले त्याचे जाळे पडद्यावर चांदीच्या जरीसारखे झळकते. त्यावर केरसुणी हाच इलाज.

मला खरी गंमत वाटली ती वेगळ्याच हिशेबाची. खोक्यातील तबकडी एक टेराबाइटची. एक कॅमेरा दिवसाकाठी साधारण वीस-बावीस गिगाबाइट चित्रे तीत ओततो. म्हणजे दोन कॅमेरे असताना सुमारे 23 दिवसांचे चित्रण तीत राही. चार झाले की जेमतेम अकरा दिवसांचे. त्यापुढे जुने पुसून त्यावर नवे. डोळे दुप्पट केले की स्मरणशक्ती निम्मी होते! मोठी तबकडी घेता येते म्हणा, पण तेवढ्यासाठी आणखी पैसे मोजायला मी तयार नव्हतो.

हे वेड आजचे नाही. न्यू यॉर्कच्या क्वीन्स भागात मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन नावाची एक परिचारिका राहत असे. तिच्या कामाच्या वेळा अडनिड्या, नवराही घरी नसे, आणि बोलावले तरी पोलीस लवकर येत नसत. तिने नवऱ्याच्या मदतीने दाराला एकाखाली एक चार भोके ठेवून त्यांमागे वर-खाली सरकणारा कॅमेरा योजला. 1966 साली अर्ज केला, 1969 च्या डिसेंबरात पेटंट मिळाले. घराच्या पहाऱ्याचे आजचे सगळे गोत्र त्या बाईपाशी जाऊन पोचते. तिचा कॅमेरा मात्र दाराबाहेर पाहत होता.

आमचा चौथा आत पाहणार होता. ती इच्छा बंगळूरच्या चिरंजीवांची. आई ब्याऐंशी वर्षांची, आषाढात न्हाणीघरापाशी घसरली होती. "बाबा, दिवाणखान्यात एक लावाच. मला इथून आजी दिसेल." मुलाच्या पोटात माया होती, नाही म्हणणार कसे? पोरग्याने चौथा कॅमेरा कोपऱ्यात तात्पुरता अडकवला आणि तार आणायला म्हणून जो गेला तो तीन दिवस उगवला नाही. कॅमेरा आंधळाच होता. हे आईला सांगूनही ती दुपारची कोचावर आडवी झाली नाही. ताठ बसून राहिली, पदर सारखा नीट करीत. स्वयंपाकाच्या मावशींशी तिच्या गप्पा चालत त्याही मुदपाकखान्यात हलल्या, हलक्या आवाजात. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "अरे, मी पडले तर दिसेन हे खरं. पण पडत नाही तेव्हाही दिसणारच ना?"

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी 2017 साली खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. 2025 मध्ये कलकत्त्याच्या उच्च न्यायालयाने, एका घरात राहणाऱ्या भावाच्या संमतीवाचून राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असा निकाल दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घातला नाही. आईने यातले काही वाचलेले नाही. पण घरात तिची संमती विचारायची असते हे मला कळायला न्यायालयाची गरज नव्हती. पोरगा आला तेव्हा मी दिवाणखान्यातला कॅमेरा उतरवून घेतला. परसदारचा लागला. आईला तो पसंत पडला. पारिजातकाची फुले पहाटे कोण नेते, हे तिला कधीचे पाहायचे होते.

रात्री चिरंजीवांचा फोन. "बाबा, चौथा चौकोन काळा दिसतोय. बिघडलाय का?"

"नाही. काढला."

"मग आजीचं मला कळणार कसं?"

आईने माझ्या हातून फोन घेतला. "रोज सातला मला फोन करत जा. मी सांगेन."

तो करतो. कधी कधी आठ वाजतात.