तिकडे ज्वारी मिळते का?

"सर, तिकडं ज्वारी भेटती का?"

२०१४ च्या जून महिन्यात, अहमदपूरच्या माझ्या घरी, समोरच्या खुर्चीवर अवघडून बसलेल्या एका तरुणाने मला हा प्रश्न विचारला. तो तालुक्यातल्याच एका खेड्यातला. इंग्रजी घेऊन एम. ए. झालेला, सेट उत्तीर्ण, आणि चार वर्षे तासिका तत्त्वावर शिकवून थकलेला. तासिका तत्त्व म्हणजे काय, हे या मजकुराच्या वाचकांना समजावून सांगायला नको. जितके तास तितके पैसे, तेही वर्षअखेरीस केव्हातरी, आणि उन्हाळ्यात काहीच नाही. कायम नोकरीसाठी जी रक्कम मोजावी लागते ती त्याच्या वडिलांची सगळी जमीन विकूनही उभी राहिली नसती. म्हणून तो परदेशी शिकवायला जायचे म्हणत होता, आणि मी पाच वर्षे परदेशी शिकवून आलेला माणूस म्हणून माझ्याकडे आला होता.

मी हसलो. नुसता हसलो असतो तरी एक वेळ चालले असते. मी म्हणालो, "अरे, तू शिकवायला जायलालास का जेवायला?" तोही हसला. चहा झाला. तो उठून गेला.

त्या हसण्याविषयी मला लिहायचे आहे.

परदेशात अध्यापन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ऑक्सफर्ड किंवा शिकागो येते. मराठवाड्यातल्या इंग्रजीच्या पदवीधरांचे परदेश मात्र वेगळे होते. येमेन, लिबिया, इथिओपिया, सौदी अरेबिया, ही आमची नावे. औरंगाबादला (आता छत्रपती संभाजीनगर) त्याच काळात येमेनी विद्यार्थी पीएच. डी. साठी येऊन राहत होते, आणि आमच्याकडचे प्राध्यापक त्यांच्या देशात शिकवायला जात होते. अशी ती उलटसुलट ये-जा होती. पुढे लिबियाची वाट २०११ मध्ये आणि येमेनची २०१५ मध्ये युद्धाने बंद केली. दोन्ही वेळा भारत सरकारला आपली माणसे तिथून सोडवून आणावी लागली.

माझ्या वाट्याला इथिओपिया आला. तिथल्या सरकारने त्या सुमारास तेरा नवी विद्यापीठे उभी करायला घेतली होती आणि शिकवणारी माणसे कमी पडत होती. २००७ च्या सप्टेंबरअखेरीस मी अदिस अबाबाला उतरलो, आणि तेथून पश्चिमेला सुमारे सव्वातीनशे किलोमीटरवर असलेल्या नेकेम्ते या गावी रुजू झालो. राजधानीत रस्तोरस्ती तोरणे होती. चौकशी केली तेव्हा कळले की दोनच आठवड्यांपूर्वी, १२ सप्टेंबरला, यांचे २००० साल सुरू झाले आहे. त्यांचे पंचांग आपल्या इंग्रजी कॅलेंडरच्या सात-आठ वर्षे मागे चालते. तीस दिवसांचे बारा महिने, आणि उरलेल्या पाच-सहा दिवसांचा तेरावा. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण ज्या मुलखात घरोघर बोलली जाते तिथला मी, आणि ज्या देशाची आम्हांला असलेली एकमेव ओळख म्हणजे १९८४-८५ चा दुष्काळ, त्या देशात येऊन पडलो होतो. तो देश मात्र आपल्या तेराव्या महिन्याची जाहिरात करून पर्यटकांना बोलावत होता: आमच्याकडे तेरा महिने ऊन!

पहिल्याच आठवड्यात मी भाबडेपणाचा कळस केला. विभागाच्या कार्यालयातील बाईंनी सांगितले, "उद्या तुमचा तास दोन वाजता." मी दुपारी दोनला वर्गावर गेलो. वर्ग रिकामा. कार्यालयात येऊन मी मोठ्या तोऱ्यात विचारले, "इथली मुले तासाला बसत नाहीत का?" बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एक कोरा कागद घेतला, त्यावर घड्याळाची तबकडी काढली आणि समजावले की इथे दिवस उजाडल्यापासून मोजतात. सूर्य उगवून दोन तास झाले की दोन वाजले, म्हणजे तुमच्या घड्याळात सकाळचे आठ. मुले सकाळी येऊन, वाट पाहून गेली होती. मग त्यांनी अगदी साधेपणाने विचारले, "तुमच्याकडे दिवस मध्यरात्री का सुरू होतो? तेव्हा तर सगळे झोपलेले असतात."

मला उत्तर देता आले नाही. आमच्याही घटका आणि प्रहर एके काळी सूर्योदयापासूनच मोजले जात, हे मला खोलीवर परतल्यावर आठवले.

खाण्याचेही तसेच. मी शाकाहारी. पहिले काही दिवस केळी आणि ब्रेडवर काढले. शेवटी खानावळीतल्या पोऱ्याला हातवारे करून विचारले, की मांस नसलेले काही असते का? त्याने मला एक शब्द शिकवला: 'त्सोम', म्हणजे उपास. तिथले सनातनी ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी मांस, दूध, अंडी, काहीच खात नाहीत. त्या दिवशी 'उपासाचे' मागितले की आंबोळीसारख्या जाळीदार इंजेरावर डाळी, भाज्या आणि 'शिरो' येतो. शिरो म्हणजे गोड शिरा नव्हे. डाळींच्या पिठाचे, लाल तिखट घातलेले सरळसरळ पिठले. पहिला घास घेतला आणि मला अहमदपूरच्या आमच्या स्वयंपाकघराचा वास आला. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या प्रदेशात फिरताना रस्त्याकडेला ज्वारीची शेते लागत. ते पाहून मी बसमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला उत्साहाने सांगितले होते की हे आमच्याकडचे पीक आहे. त्याने मान डोलावली होती. खरे तर ज्वारीचे मूळ ईशान्य आफ्रिकेतच, सुदान-इथिओपियाच्या परिसरात आहे. मी घरच्या मालकालाच त्याच्या घराची ओळख करून देत होतो, आणि त्याने ते ऐकून घेतले.

भाबडे प्रश्न फक्त नवखा शिक्षकच विचारतो असे नाही. विद्यार्थीही विचारतात, आणि त्यांच्या प्रश्नांना धार असते. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात एका मुलाने उठून विचारले, "तुमच्यावर इंग्रजांचे राज्य होते म्हणून तुम्हांला इंग्रजी येते. आमच्यावर इंग्रजांचे राज्य कधीच नव्हते. मग आम्ही हे का शिकायचे?" १८९६ मध्ये अडव्याच्या लढाईत इटलीचा पराभव करणाऱ्या देशाचा तो मुलगा. १९३६ ते १९४१ एवढीच पाच वर्षे इटलीने तो देश बळकावला होता. मी सवयीने दीडशे वर्षांच्या इंग्रजी राजवटीवर आणि जागतिक भाषेच्या महत्त्वावर दहा मिनिटे बोललो. मुलांनी वहीत उतरवून घेतले.

रात्री झोप येईना. मी सांगितलेले सगळे पाठ्यपुस्तकातले होते, माझे नव्हते. अहमदपूर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते. माझे आजोबा उर्दूत शिकले. आमच्या जमिनीचे जुने कागद आजही उर्दू वाचणारा शोधून वाचून घ्यावे लागतात. इंग्रजी आमच्या घरात आली ती इंग्रज गेल्यानंतर, जिल्हा परिषदेच्या शाळेत, माझ्या पाचवीच्या पुस्तकातून. म्हणजे त्या मुलाचा प्रश्न जितका त्याचा होता तितकाच माझा होता, आणि चाळीस वर्षांत मी तो स्वतःला विचारला नव्हता. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी म्हणालो, "काल मी चुकीचे उत्तर दिले." वर्ग सावध झाला. मग मी निजाम, उर्दू, आजोबांची शाळा, असे सगळे सांगितले. प्रश्नाचे उत्तर मिळाले असे नाही. पण त्या दिवसापासून मुले वहीत कमी लिहू लागली आणि विचारू लागली.

त्याच ओघात एकदा मलिक अंबरचा विषय निघाला. मी म्हणालो, आमच्या भागातले विद्यापीठ ज्या शहरात आहे, ते शहर तुमच्या देशातून आलेल्या माणसाने १६१० मध्ये खडकी या नावाने वसवले. आधी त्यांना ती थट्टा वाटली. मग मी निजामशाहीचा हा वजीर, त्याचा गनिमी कावा, त्याची महसूलपद्धती आणि शहरात पाणी आणणारी त्याची नहर यांविषयी बोललो. फार अभिमानाने बोललो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "मग तो घरी परत का आला नाही?"

मी गप्प झालो. मलिक अंबर लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला होता. बाजारामागून बाजार करत तो दख्खनेत पोहोचला आणि १६२६ मध्ये इथेच वारला. ही माहिती मला होती. पण त्याचे कर्तृत्व सांगताना मी ती एका वाक्यात उरकत असे. तो माणूस होता, त्याला घर होते, ते त्याच्यापासून हिरावले गेले होते, हे त्या मुलीच्या मोजक्या शब्दांनी मला पहिल्यांदा दिसले. इतिहासाच्या कुठल्याही प्राध्यापकाने तो प्रश्न विचारला नसता, कारण त्याला तो बालिश वाटला असता.

२०१२ मध्ये मी परत आलो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले आणि ती बातमी जगभर गेली. नेकेम्तेच्या एका जुन्या विद्यार्थ्याची ई-मेल आली: "सर, तुमच्याकडे लोक तहानेने मरत आहेत का? तुमच्या घरी पाणी आहे ना?" मला राग आला. आम्ही काय इतके दरिद्री आहोत, असे उत्तर मी लिहूनही काढले. पाठवण्यापूर्वी मात्र थांबलो. २००७ मध्ये निघताना अहमदपूरच्या निम्म्या लोकांनी मला हाच प्रश्न त्याच्या देशाविषयी विचारला होता, आणि तेव्हा तो कोणालाच अपमानास्पद वाटला नव्हता. मी ते उत्तर पुसले. लातूर आमच्यापासून साठेक किलोमीटरवर आहे, आमच्याकडे टँकर येतो, आम्ही ठीक आहोत, तू काळजी केलीस याचे बरे वाटले, असे लिहिले.

आता त्या तरुणाकडे येतो. माझ्याकडून गेल्यावर काही महिन्यांनी त्याने एका एजंटाला दीड लाख रुपये दिले. त्यातले बरेचसे व्याजाने काढलेले होते. आखाती देशात इंग्रजीच्या शिक्षकाची नोकरी असल्याचे त्याला सांगण्यात आले. त्याला मिळालेला व्हिसा पर्यटकाचा होता. तिथे ना शाळा होती ना नोकरी. एका खोलीत आठ जणांबरोबर तीन महिने काढून, घरून तिकिटाचे पैसे मागवून तो परत आला. बसस्थानकावर भेटला तेव्हा मी त्याला, शिक्षकाच्या सवयीने, रागावलो. "माझ्या घरी आला होतास तेव्हा व्हिसाचं का विचारलं नाहीस? एजंट नोंदणीकृत आहे का, हे सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पाच मिनिटांत कळतं. पर्यटक व्हिसावर नोकरी करता येत नाही, एवढं तरी मी सांगितलं असतं."

तो खाली बघत म्हणाला, "तेच विचारायला आलो होतो, सर. पण ज्वारीचं विचारल्यावर तुम्ही हसलात. मग वाटलं, हे बी तसंच येड्यासारखं असंल."

कठोपनिषदातल्या नचिकेत्याची गोष्ट मी कितीदा तरी वर्गात सांगितली आहे. बाप यज्ञात सर्वस्व दान करतो आहे, दानात भाकड गायी दिल्या जात आहेत, आणि पोर विचारते, मला कोणाला देणार? एकदा, दोनदा, तीनदा. तिसऱ्यांदा बापाचा तोल जातो आणि तो म्हणतो, तुला मृत्यूला देतो. या गोष्टीतला नचिकेता मोठा, यम ज्ञानी, हे मी नेहमी सांगत आलो. बापाकडे माझे लक्षच नव्हते. तो दुष्ट नाही. तो कामात असलेला, जाणता, प्रतिष्ठित गृहस्थ आहे, आणि त्याला पोराचा प्रश्न बावळट वाटतो, एवढेच. यम मात्र घरी नसताना पाहुणा तीन रात्री उपाशी राहिला म्हणून क्षमा मागतो आणि रात्रीमागे एक असे तीन वर देतो. आत्मज्ञानाचा प्रश्न नचिकेता पहिल्या वराला विचारत नाही. पहिला वर तो घरचाच मागतो: मी परत गेल्यावर बापाचा राग गेलेला असावा. यमाने त्या मागण्याला हसून घालवले असते, तर पुढचे उपनिषद घडलेच नसते.

माणूस मनातला खरा प्रश्न पहिल्यांदा विचारत नाही. तो आधी एक स्वस्तातला प्रश्न टाकून समोरच्याचा अंदाज घेतो. परक्या देशाला निघालेल्या माणसाकडे तर योग्य प्रश्नासाठी लागणारे शब्दही नसतात. त्याच्याकडे ज्वारी असते. नेकेम्तेच्या कार्यालयातल्या बाईंना हे ठाऊक होते. मला तिथे पाच वर्षे राहूनही ते कळले नव्हते, ही गोष्ट मला अजून लागते. त्या तरुणाचे कर्ज फिटायला चार वर्षे लागली. आता तो एका खाजगी शिकवणीत शिकवतो. आम्ही भेटतो, बोलतो. तो विषय दोघेही काढत नाही.

अजूनही कोणी ना कोणी येते. मागच्या महिन्यात एक मुलगी आली होती. नेट उत्तीर्ण, तीन वर्षे तासिका तत्त्वावर. तिने विचारले, "सर, तिकडं साडी चालते का?" मी साडीविषयी सांगितले, नेकेम्तेच्या थंडीविषयी सांगितले, स्वेटर कुठला न्यावा तेही सांगितले. मग तिने जेवणाचे विचारले. मी शिरोची कृती सांगितली. नंतर पदवीच्या प्रमाणपत्रांचे साक्षांकन निघाले, तेव्हा परराष्ट्र मंत्रालय, दूतावास, असा सगळा क्रम मी कागदावर लिहून दिला. ज्वारी मिळते, हे न विचारताच सांगितले. मग बराच वेळ ती काही बोलली नाही. रिकामा कप हातात फिरवत राहिली. मीही बोललो नाही.

"सर," ती म्हणाली, "घरी कसं सांगू?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी उठून पुन्हा चहा ठेवला.