कोन्स्टान्झ : एका मोडलेल्या अभयवचनाचे शहर

झ्युरिकहून सकाळची आगगाडी धरली की सुमारे सव्वा तासात स्वित्झर्लंडची सीमा ओलांडून जर्मनीतील कोन्स्टान्झ गाठता येते. स्थानक अगदी सरोवराकाठी आहे. गाडीतून उतरताच रुळांपलीकडे, बंदराच्या कडेला, उंच उतरत्या छपराची एक अवाढव्य इमारत दिसते. ते ना चर्च, ना राजवाडा. १३८८ साली उभारायला घेतलेले ते व्यापाऱ्यांचे गोदाम आहे.

याच गोदामात ११ नोव्हेंबर १४१७ रोजी पाचवा मार्टिन पोप म्हणून निवडला गेला. जर्मन भूमीवर भरलेले हे एकमेव कॉन्क्लेव्ह.

पोप गोदामात निवडण्याची वेळ का यावी? १३७८ पासून पश्चिम युरोपातील चर्च दुभंगले होते आणि १४०९ नंतर तर एकाच वेळी तीन पोप गादीवर हक्क सांगत होते. हा तिढा सोडवण्यासाठी राजा सिगिस्मुंडच्या पुढाकाराने १४१४ मध्ये येथे धर्मपरिषद भरली. ती १४१८ पर्यंत चालली आणि तिढा सुटला. एकाने राजीनामा दिला, दोघांना पदच्युत केले. परिषदेचे हे यश निर्विवाद आहे.

पण बहुतेक प्रवासी या शहरात शोधतात ते दुसऱ्याच माणसाला.

प्रागचा धर्मोपदेशक यान हुस चर्चमधील भ्रष्टाचारावर उघड टीका करीत असे. परिषदेपुढे बाजू मांडण्यासाठी त्याला बोलावणे आले, तेव्हा सिगिस्मुंडने त्याला अभयपत्र देऊ केले. आपल्या जुन्या कागदांत ज्याला ‘कौल’ म्हणतात, त्याच जातीचा हा दस्तऐवज. तो हाती पडण्याची वाट न पाहता हुस निघाला आणि ३ नोव्हेंबर १४१४ रोजी येथे पोहोचला. महिना संपण्यापूर्वीच तो कैदेत होता.

स्थानकापासून थोडे चालत गेले की पाण्यात एक चिमुकले बेट लागते. त्यावरील डोमिनिकन मठात हुसला डांबले होते. आज तेथे उंची हॉटेल आहे. (विमानयुगाच्या आरंभी गाजलेल्या हवाईजहाजांचा जनक काउंट झेपेलिन १८३८ साली याच बेटावर जन्मला.) पुढे हुसला जवळच्या गोटलीबेनच्या किल्ल्यात हलवले. नियतीचा खेळ असा, की शहरातून पळून गेलेला आणि नंतर पदच्युत झालेला पोप तेविसावा जॉन हादेखील १४१५ च्या जूनमध्ये त्याच किल्ल्यात बंदी म्हणून आला. त्याची पुढे सुटका झाली.

हुसची झाली नाही. पाखंड्याला दिलेले वचन पाळण्याचे बंधन नाही, असा युक्तिवाद पुढे आला आणि सिगिस्मुंडने माघार घेतली. परिषद उधळली जाण्याची भीती त्याला होती, हे खरे. तरी शब्द त्याचा होता. आपले म्हणणे धर्मग्रंथाच्या आधारे खोडून दाखवावे, एवढीच हुसची मागणी होती. ६ जुलै १४१५ रोजी येथील कॅथेड्रलमध्ये निकाल सुनावून, शहराच्या तटाबाहेर नेऊन त्याला जिवंत जाळले. अवशेषांची पूजा होऊ नये म्हणून राख ऱ्हाइन नदीत टाकली.

बोहेमियात या बातमीने आग लागली. १४१९ मध्ये भाऊ वारल्यावर तेथील मुकुट वारशाने सिगिस्मुंडकडे यायला हवा होता. पण हुसपंथी प्रजेने त्याला नाकारले. त्यांच्याविरुद्ध पाच धर्मयुद्धे पुकारली गेली आणि सगळी फसली. राजा म्हणून त्याला मान्यता मिळाली ती १४३६ मध्ये, मृत्यूच्या सुमारे सव्वा वर्ष आधी.

बंदराच्या टोकाशी ‘इम्पेरिया’ नावाचा नऊ मीटर उंचीचा पुतळा १९९३ पासून स्वतःभोवती सावकाश फिरत असतो. ती एक गणिका. तिच्या एका तळहातावर मुकुट घातलेला आणि दुसऱ्यावर पोपचा शिरोभूषण घातलेला असे दोन नागडे बुटके बसले आहेत. छायाचित्रांसाठी गर्दी तेथेच असते.

जुन्या शहराच्या पश्चिमेस मात्र शांतता असते. तेथे १८६२ साली ठेवलेला एक प्रचंड पाषाण आहे. त्याच्या एका बाजूस हुसचे नाव, दुसऱ्या बाजूस १४१६ मध्ये तसाच जाळला गेलेला त्याचा सहकारी प्रागचा जेरोम. तेथून स्थानक पायी गाठता येते. परतीची गाडी सुटते, तेव्हा खिडकीतून पुन्हा ते गोदामच दिसते.