‘गमत’ आणि ‘गंमत’

दर रविवारी सकाळी दहा वाजता माझा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे संगणकाच्या पडद्यावरील आठ चौकटी. पाच मुले वडोदऱ्यातील दांडिया बाजार व रावपुरा भागातील, दोन सुरतेची आणि एक बेळगावचा. सर्वांच्या घरी मराठी बोलली जाते. शाळेत मात्र ती कोणाच्याच वाट्याला येत नाही. समजते, बोलता येते, पण वाचता येत नाही, अशी ही पिढी. सीमेपलीकडे राहणाऱ्या वाचकांना या अवस्थेचे वर्णन निराळे करावयास नको.

नव्या साधनांविषयी कृतज्ञता आधी नोंदवितो. वडोदऱ्याची मुले गुजराती लिपी सहज वाचतात. देवनागरीत वरची रेघ तेवढी अधिक, असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ख, च, ज, झ, फ, ब या अक्षरांपाशी मूल अडते. युनिकोडमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी समांतर आहे. देवनागरीतील ‘क’ आपल्या तक्त्यात ज्या जागी, त्याच जागी गुजराती तक्त्यातील ‘क’. त्यामुळे एका लिपीतील मजकूर दुसरीत क्षणार्धात उतरविता येतो. मी प्रत्येक धडा आरंभी दोन्ही लिप्यांत दाखविला आणि आठवड्यागणिक गुजरातीचा आधार काढून घेत गेलो. काही महिन्यांत मुले देवनागरी वाचू लागली. फळ्यावर हे काम याहून कितीतरी अवघड गेले असते.

मात्र या समांतर तक्त्यांत एक जागा रिकामी आहे. मराठीच्या ‘ऱ’ला गुजरातीत जोडीदार नाही. परिणामी डोंगरांतील ‘दऱ्या’ पलीकडे जाताना ‘दर्या’ होतात, म्हणजे समुद्र! एवढेच नव्हे, तर ‘वडोदऱ्यात’ हा शब्दही ‘वडोदर्यात’ असा उतरतो. आमच्या शहराचे नाव विभक्तीचा प्रत्यय लागताच बिघडते, हे पाहून मुले हसली, मीही हसलो. ती चूक समजावून देण्यात त्या दिवशीचा अर्धा तास सत्कारणी लागला.

दुसऱ्या चुकीवर मात्र मला हसता आले नाही.

बोललेले वाक्य आपोआप लिहून दाखविणारे एक साधन मी वर्गात आणले होते. प्रत्येकाने एक वाक्य बोलायचे आणि पडद्यावर उमटलेले वाचायचे. एका नऊ वर्षांच्या मुलीची आजी नुकतीच वारली होती. ती म्हणाली, “आजी गेल्यापासून घरात गमत नाही.” पडद्यावर उमटले: ‘आजी गेल्यापासून घरात गंमत नाही.’ बाकीची मुले खुदकन हसली. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “काका, मग बरोबर मराठीत काय म्हणतात?”

‘गमत नाही’ म्हणजे करमत नाही. हा प्रयोग अस्सल मराठी आहे. जुन्या कवितेत ‘गमणे’ हे क्रियापद ‘वाटणे’ या अर्थानेही येते. गुजरातीत ‘गमवुं’ म्हणजे आवडणे. त्या शेजारामुळे आमच्या घरांत हा शब्द अधिक टिकला असावा. यंत्राला यातले काही ठाऊक नसते. त्याला पुष्कळ माणसांचे ध्वनिमुद्रित बोलणे व त्याचे लेखन दिलेले असते. त्यावरून ते ध्वनीचा अंदाज करते आणि जवळपासच्या शब्दांपैकी जो अधिक वेळा आढळलेला, तो निवडते. ‘गंमत’ सर्वत्र भेटते, ‘गमत’ क्वचित. म्हणून क्वचित बोलणाऱ्याचा शब्द हरतो. आमच्या बेळगावच्या मुलाच्या कानडी हेलाच्या वाक्यापुढेही ते असेच अडखळते.

मुद्रणदोष आपण दोष म्हणून ओळखतो. पडद्यावरचे अक्षर मात्र मुलाला निकाल वाटते. त्या मुलीने पुढचे दोन रविवार आपला ध्वनी बंद ठेवला. घरची मराठी चुकीची आहे, हे तिला मी सांगितले नव्हते. पण ते माझ्या वर्गातच सांगितले गेले.

वडोदऱ्याला शिक्षणातील नवलाई नवी नाही. महाराजा सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला पाचारण केले. त्यानंतर पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरू लागल्या. जादूच्या कंदिलाची चित्रे खेड्यांत दाखविली जाऊ लागली. १९३१ साली ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा राज्यकारभाराच्या शब्दांचा बहुभाषिक कोश निघाला. त्यात मराठी आणि गुजराती शब्द शेजारी शेजारी छापले गेले. कोणता बरोबर, असा प्रश्न त्या पानांवर उद्भवत नव्हता. नवी यंत्रे घडविताना ही वृत्ती हवी आहे.

आणि त्यात आपला हात लागू शकतो. ‘कॉमन व्हॉइस’ या खुल्या प्रकल्पात मराठीचाही समावेश आहे. स्वयंसेवक वाक्ये वाचून मुद्रित करतात आणि इतर ती ऐकून तपासतात. केंद्र सरकारच्या ‘भाषिणी’ उपक्रमातही ‘भाषादाना’ची सोय आहे. तेथे वडोदरा, बेळगाव, कारवार, बिदर येथील आवाज जितके अधिक जातील, तितका आपला उच्चार यंत्राच्या कानांना ओळखीचा होईल. वाक्ये वाचणे हे घरी बसून, मुलांना सोबत घेऊन करण्याजोगे काम आहे. तोवर यंत्र आणि मूल यांच्या मध्ये दोन्ही भाषा जाणणारा माणूस बसला पाहिजे.

तिसऱ्या रविवारी मी तेच वाक्य पुन्हा पडद्यावर आणले आणि तिला म्हणालो, “बाळ, तुझे बरोबर होते. चूक यंत्राची. आता तूच सुधार.” तिने ‘गंमत’वरील अनुस्वार पुसला. शब्दाखाली लगेच तांबडी रेघ आली. तिने माझ्याकडे पाहिले. “असू दे,” मी म्हणालो. मग तिने ते वाक्य मोठ्याने वाचले.