कल्हई

मराठीत लोखंडाला चढतो तो गंज. उर्दूत गंज म्हणजे खजिना! वर्गात मुले हसतात. मग मी सांगतो, पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही भेटले की लोखंड गंजते. हा थर पापुद्रे होऊन सुटतो, आतले लोखंड पुन्हा उघडे पडते. तांब्यावरचा थर सहसा सुटत नाही. पण आंबट कालवण लागले की तांबे जेवणात उतरते. म्हणून देगेला आतून कथलाची कल्हई.

अब्बा तापल्या देगेत नवसागर टाकून कापसाच्या बोळ्याने कथील फिरवायचे. त्याच कमाईवर माझे बी.एड. झाले. पुढे स्टील आले, धंदा बसला. मोहल्ल्याची सामाईक देग मात्र अजून तांब्याचीच आहे. तिची कल्हई उडालीय. कारागीर मिळत नाही. तोवर तिच्यात चिंचेचे काही शिजवू नका, असे अब्बा प्रत्येक लग्नघरी जाऊन बजावतात.